आठ इंचांची फट

कामोठ्यात रेलिंग बनवणारे एक काका आहेत. प्रत्येक माप ते आधी पुटपुटतात, मग मोठ्याने म्हणतात. आमची चौथ्या मजल्यावरची अर्धगोल बाल्कनी थेट हॉलला जोडलेली, मध्ये दार नाही. तिचा दहा फूट व्यास मोजून ते म्हणाले, “अर्ध्या गोलाला व्यासाची दीडपट, वर थोडं.”

पण पाइप कापताना ते ‘वर थोडं’ विसरले. पंधरा फुटांचं रेलिंग बसवल्यावर टोकाला आठ इंचांची फट राहिली आणि माझी वर्षाची मुलगी रांगत नेमकी तिकडेच निघाली. मी ओरडले. काका हातातली पक्कड टाकून फटीला पाठ लावून बसले.

“ताई, तुमी तिला उचला. मी हितून उठनार नाय.”

दुकानातून पाइपचा तुकडा येईपर्यंत ते तसेच बसून होते. मुलगी केव्हाच माझ्या खांद्यावर झोपली होती, तरी थोड्या थोड्या वेळाने विचारायचे, “पोरगी कुठं हाय?”