अक्काच्या खांद्यासाठी सावंगीला

कारंजा (घाडगे) आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. महामार्गावर ट्रक उभे होते, ढाब्यांतून फोडणीचा वास येत होता आणि रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग रचलेले होते. आदल्या रात्रीपासूनच्या प्रवासाने माझी पाठ अवघडली होती. उतरलो तर समोर अक्का. उजवा हात जुन्या साडीच्या पट्टीने गळ्यात बांधलेला.

"वाळला रे बाप्पा," ती म्हणाली. "काऊन, तिकडे खायले भेटत नाई का?"

अक्का माझी मोठी बहीण. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, पण पाटीवर माझं पहिलं अक्षर तिने गिरवून घेतलं होतं. लग्न होऊन मराठवाड्यातून ती इकडे आली आणि आता तिची बोली पुरती वऱ्हाडी झाली आहे. कारंज्यात तिची ओळख म्हणजे लांब रोटी (उलट्या मडक्यावर भाजलेली, रुमालासारखी पातळ पोळी). सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत लांबवायचा आणि तापल्या मडक्यावर अलगद पसरायचा. लग्नसराईत तिला गावोगावहून बोलावणं येतं. यंदा तिचा उजवा खांदा दुखायला लागला आणि बघता बघता हात छातीच्या वर जाईना. तिथल्या डॉक्टरांनी शीर फाटली असेल, ऑपरेशनही लागेल, असं सांगितलं. म्हणून तिला सावंगीच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्यायला मी आलो होतो. दाजी ट्रक चालवतात. त्यांना दुसऱ्या दिवशी माल पोचवायचा होता.

"चिरलेल्या हातानं रोटी झुलते का रे?" अक्काने जेवताना विचारलं. ताटात गोळाभात होता (भातात शिजवलेले बेसनाचे गोळे). मी तिच्या ताटात आणखी एक गोळा वाढला.

सकाळी मजा झाली. अक्काला वेणी घालता येत नाही, म्हणून ते काम दाजींकडे. त्यांनी केस ओढून अशी गाठ मारली की ती ओरडली, "केस हायेत माये, ट्रकाची ताडपत्री नाई!"

"सुटणार तर नाई नं?" दाजी गंभीरपणे म्हणाले.

तळेगावला (श्यामजी पंत) आम्हाला उतरून आर्वीची बस धरायची होती. ती डोळ्यांदेखत निघून गेली. बाजाराचा दिवस होता. मेथीचं गाठोडं घेऊन बसलेल्या एका आजीने अक्काकडे पाहिलं.

"हात काऊन बांधला वं?"

"शीर फाटली म्हणते डॉक्टर."

"मंग बांधूनच ठेवजो. बिलकुल हलवू नोको."

अक्काने पट्टी आणखी घट्ट केली. मलाही ते बरोबर वाटलं. फाटलेलं हलवलं तर आणखी फाटेल, एवढंच मला कळत होतं.

आर्वीपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती. अक्का खिडकीशी बसून डाव्या हाताने उजवा दंड चोळत राहिली. सावंगीला पोचलो तेव्हा दवाखान्यासमोर विद्यार्थ्यांची गर्दी होती, सगळ्यांचे पांढरे कोट कडक इस्त्रीचे. अक्का माझ्या मागे मागे चालू लागली.

डॉक्टरबाई तरुण होत्या. तपासणी झाली, मशीनवर चित्र काढलं, आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पट्टी सोडली.

"मावशी, स्नायूला हाडाशी बांधणारा एक दोर असतो. तो अर्धा उसवलाय, पूर्ण तुटलेला नाही. शरीर तो पुन्हा विणतं. पण बांधून ठेवलात तर खांदा आखडेल, आणि जोर लावलात तर उसवलेलं वाढेल. थोडा थोडाच ताण द्यायचा."

त्यांनी भिंतीवर बोटं चढवायला शिकवलं, दुखेल तिथे थांबायचं. झोप पुरी घ्यायची, त्या कुशीवर झोपायचं नाही, हाताखाली उशी घ्यायची. डाळ, अंडी, दूध वाढवायचं.

"संत्री खाता ना?"

अक्का हसली. "आमच्याकडची संत्री गाडीत बसून नागपूरले जातेत जी."

"थोडी घरी उतरवा. तंबाखू, सुपारी-तंबाखूचा खर्रा?"

"छ्या! नाई जी."

"बिडी-सिगारेटसुद्धा नाही," मीही अभिमानाने सांगितलं.

"छान. तंबाखूने रक्त कमी पोचतं, मग हे भरून यायला फार वेळ लागतो. तीन महिने मनापासून करा. तरीही हात उठला नाही तर ऑपरेशनचं बघू."

परतीच्या बसमध्ये अक्का माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंगणात आलो. अक्का न्हाणीजवळ दगडावर बसून बोटाने काळपट लगदा दातांना घासत होती. जवळ छोटी डबी. मी उचलून पाहिली. गुडाखू.

"अक्का, यात तंबाखू आहे."

"यात? हे तं दात घासाचं हाय. आमच्या इथं साऱ्याच बाया घासतेत."

डबीवरचा इशारा मी तिला वाचून दाखवला. तिने बोट पाण्याने खळखळून धुतलं. दवाखान्यात ती खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी तंबाखू म्हणजे खर्रा, आणि खर्रा तिने कधी तोंडात घातला नव्हता.

"याच्याविना मले सकाळ होत नाई रे," ती हळूच म्हणाली. मग डबी माझ्या हातात दिली. "घेऊन जाय. मले दिसू देऊ नोको."

तो दिवस कठीण गेला. तिचं डोकं ठणकलं, भाजीत दोनदा मीठ पडलं, माझ्यावर ती विनाकारण खेकसली. दुपारी दाजी परत आले. सगळं ऐकून त्यांनी खिशातला खर्रा चाचपला आणि गुपचूप घरामागे गेले.

"जा, जा," अक्का ओरडली. "तुमचा खांदा धड हाय नं!"

संध्याकाळी मी संत्री सोलली. ती एकेक फोड खात भिंतीवर बोटं चढवत होती. छातीपर्यंत, थोडं वर, मग थांबली. डोळ्यांत पाणी होतं.

"बस?"

"बस. उद्या पाहू."

निघण्याच्या सकाळी ती फाट्यावर आली. पट्टी नव्हती. डबी मागितली नव्हती. तोंड धुताना तिने कडुनिंबाची ताजी काडी चावली होती आणि कडू म्हणून मला शिव्या दिल्या होत्या. मी पायाला हात लावून उठलो. डोक्यावर ठेवायला तिचा डावा हात वर आला, मध्येच थांबला आणि खाली गेला. मग उजवा निघाला. छातीपाशी आला, थोडा वर, आणखी थोडा. माझ्या डोक्यापर्यंत तो पोचणार नव्हता.

गाडीत बसून मी विचार करत होतो की इतकी पुस्तकं वाचूनही शरीर असं सावकाश, न सांगता स्वतःला विणत असतं हे मला कधी नीट उमगलं नव्हतं. त्या कामाला घाई करून चालत नाही. आपण फक्त आड यायचं नाही.

फाट्यावर मी एवढंच केलं होतं. वाकलो, आणखी वाकलो, तिचा हात टेकेपर्यंत.