शकुबाईंचा चिंचोका

पेशंटसमोर बसण्याआधी शकुबाई रोज एक भाजलेला चिंचोका गालात ठेवत. गोंडपिपरीकडच्या त्या लहान दवाखान्यात मनाच्या आजारांसाठी एक खोली होती. १९८६पासून शकुबाई तिथे नर्सना एकेका माणसाशी बोलून उपचार करायला शिकवत होत्या.

"बोलून म्हणजे आपण नाई बोलाचं," त्या म्हणत. "चिंचोका नरम होईस्तोवर समोरच्याचं आयकाचं."

मीराला नेमकं हेच जमेना. चिमूरची ही तरुण नर्स मोठी मायाळू; पण पेशंट गप्प झाला, की हिच्या तोंडून सल्ला निघालाच. जेवत जा, फिरत जा, सगळं ठीक होईल.

"तू नर्स हायेस का रेडिओ वं?" शकुबाई विचारत.

मीराची पहिली पेशंट मंगली. तान्ही मुलगी गेल्यापासून तिने तोंड उघडलं नव्हतं. शनिवारपर्यंत बोलली नाही, तर डॉक्टर तिला नागपूरच्या मोठ्या इस्पितळात पाठवणार होते.

"जंगल सोडून तिथं मंगली जगन नाई, बाई," दाराशी बसलेला तिचा नवरा लालसू म्हणाला.

शनिवारी मीरा चिंचोका गालात धरून बसली. मंगलीला सांगून शकुबाई पडद्यामागे बसल्या. मंगली जमिनीकडे बघत राहिली. शांतता इतकी ताणली गेली, की 'सगळं ठीक होईल' मीराच्या ओठांवर आलंच. ते गिळायला तिने दात करकचून आवळले, आणि चिंचोका कडाड् फुटला!

मंगली दचकली. वर बघून म्हणाली, "दात पडन ना वं!"

मंगली बोलली! मीराला वाटलं, लालसूला ओरडून सांगावं, नाचावं, काय करू नि काय नको! पण तुकडे जिभेखाली दाबून ती गप्प राहिली. मंगली तिच्या गालाकडे बघत होती.

"माह्या पोरीले दात यिऊन राह्यले होते," ती हळूच म्हणाली. "खालचे दोन."

मग तिच्या बोलण्यात ताप आला, नाल्याचा पूर आला, दवाखान्यात पोचायला झालेला उशीर आला; सगळं बाहेर आलं. मीरा रडली, पण बोलली नाही. बाहेर आल्यावर शकुबाईंनी तिला कवटाळून गर्रकन फिरवलं, नि लालसू हसता हसता डोळे पुसू लागला. नागपूर टळलं. पुढे दर बाजाराच्या दिवशी मंगली स्वतःच बोलायला येऊ लागली.

दोन वर्षांनी शकुबाई रिटायर झाल्या. त्यांना नेणारी एस.टी. सुरू झाली, तरी मीरा खिडकीला धरून उभी होती. जाता जाता बाई काहीतरी मोठं सांगतील, असं तिला वाटत होतं.

शकुबाईंनी डोकं बाहेर काढलं. "चिंचोके जास्त भाजू नको वं, कडू होतेत."