रुफामावशीने अर्धी सोडलेली नावं

आमच्या उरलमधल्या वेर्खनी लोग गावात रुफिना अर्काद्येव्हनाला पाहिलेली माणसं थोडी, ऐकलेली सगळी. आधी ती कारखान्याच्या रेडिओवर पाळ्यांच्या वेळा सांगायची. पुढे आइस हॉकीचं क्रीडागृह उभं राहिलं आणि तिथला माइक तिच्याकडे आला तो कायमचाच. मी तिच्या शेजारी बसून सामन्याचं घड्याळ चालवायचो. लहानथोर सगळे तिला रुफामावशीच म्हणत.

खेळाडू पुकारायची रीत ठरलेली. ती नंबर आणि पहिलं नाव घ्यायची, “नंबर एक, सावेली...” आणि थांबायची. आडनाव गॅलरीने ओरडायचं. “ग्लुखिख!” छत हादरायचं.

सोव्हिएत काळात आमचा ‘गोर्न’ संघ कधी वरच्या वर्गात चढायचा, कधी खाली घसरायचा. देश मोडला तसं स्पर्धेचं नाव बदललं, मग पुन्हा बदललं. मावशी दर वेळी नवं नाव पाठ करायची. शेवटी आत्ताची मोठी लीग आली. संघांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग, दोन्हींतले वरचे आठ-आठ बाद फेरीत, आणि तिथे एकाच प्रतिस्पर्ध्याला चारदा हरवल्याशिवाय सुटका नाही. पण तळाला गेलं तरी खालच्या वर्गात ढकलत नव्हते. आम्हाला वाटलं, सुटलो एकदाचे.

मावशी मला म्हणाली, “गेरा, पडायची सोयच ठेवली नाही, तर एक दिवस थेट नाहीसं व्हावं लागेल रे.”

तसंच झालं. एका उन्हाळ्यात लीगने संघ कमी केले, त्यात ‘गोर्न’ गेला. खेळाडू पांगले. क्रीडागृहात पोरांचे सामने तेवढे उरले.

ऑक्टोबरात एका दुपारी नवे स्पीकर तपासायचे होते. बर्फ नुकताच धरला होता, खुर्च्या रिकाम्या. मावशी सवयीने म्हणाली, “नंबर सात, रोदिओन...” आणि सवयीनेच थांबली.

“कोपितोव,” गॅलरी म्हणाली.

ओरडून नव्हे. पुष्कळ माणसं एकदम, देवळात बोलावं तशी हलक्या आवाजात बोलली. माझ्या मांडीवर चहा सांडला.

“प्रतिध्वनी असेल,” मी म्हणालो.

“मी कोपितोव म्हटलं का? मग प्रतिध्वनी कसला, गाढवा?”

तिने माइक पुन्हा जवळ ओढला. “नंबर बावीस, अवेनिर...” “झिर्यानोव,” उत्तर आलं. “नंबर एक, सावेली...” काहीच नाही. बर्फाखालच्या नळ्यांची घरघर तेवढी.

मावशीचा चेहरा उतरला. “रोदिओन अपघातात गेला. अवेनिर छातीच्या दुखण्याने. आणि सावेली?”

“तो कुठे जातोय? मघाशीच बाजारात मासे घासाघीस करून घेत होता.”

मग ती रोज दुपारी येऊ लागली. मी म्हटलं, “मावशी, झाकलेलं झाकलेलंच असू दे ना.” ती म्हणाली, “त्यांना आता हाक मारायला आहेच कोण?” सगळ्यात शेवटी ती सावेलीचं नाव घ्यायची. उत्तर आलं नाही की हसायची. “जेवलाय वाटतं नीट.”

फेब्रुवारीत उत्तर आलं. “ग्लुखिख.”

तिने लगेच त्याच्या घरी फोन लावला. उचलला सावेलीनेच. “काय गं मावशी? बटाटे करपतायत माझे!”

ती कोट न घालताच त्याच्या घरी धावली. डॉक्टरांकडे नेलं, छाती तपासून घेतली. धडधाकट. पण दुसऱ्या दिवशी गॅलरीने त्याचं नाव पुन्हा घेतलं. तिसऱ्या दिवशीही.

माझ्याच तोंडून सावेलीला कळलं. तो स्केट बांधून आला आणि आपल्या जुन्या गोलसमोर उभा राहिला.

“पुकार मला,” तो खालून म्हणाला. “मलाही ऐकू दे.”

“चल, घरी जा.”

“पुकार म्हणतो ना!”

मावशी उठून उभी राहिली. “नंबर एक, सावेली ग्लुखिख!” मध्ये श्वासाएवढीही फट ठेवली नाही. मग पुन्हा. पुन्हा. आवाज चिरकेपर्यंत. गॅलरीतून हूं की चूं नाही. सावेली मात्र घामाने निथळत होता. म्हणाला, “पायाखालून कुणीतरी बर्फ ठोकत होतं गं.” मला तसं काही ऐकू आलं नव्हतं.

त्यानंतर मावशीने अर्धं नाव कधी सोडलं नाही. काही वर्षांनी ‘गोर्न’ खालच्या लीगमध्ये पुन्हा उभा राहिला, तेव्हा नवा संचालक कुरकुरला, “लोकांना ओरडू द्या की! तिकीट त्याचंच असतं.”

“मी असेपर्यंत नाही,” ती म्हणाली. लोकांनी आधी शिट्ट्या मारल्या, मग टाळ्यांवर भागवलं.

गेल्या वसंतात ती झोपेतच गेली. शवपेटीला खांदा द्यायला सावेली सगळ्यांच्या पुढे होता. तो आता पोरांना खेळ शिकवायचा; त्या दुपारी त्यांचा सराव होता, म्हणून तो दफनभूमीतून तडक बर्फावर गेला आणि मी घड्याळाशी बसलो. कुणीतरी म्हणालं, मावशीसाठी माइकवरून दोन शब्द बोल. मी बोललो नाही; नाव अर्ध्यात अडखळलं, तर पुढचं कोण बोलेल ते मला ठाऊक होतं. येता येताच मी माइकची तार काढून खिशात ठेवली होती.