लिंबाएवढी गोळी

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, दुखत नसे. तसं ते स्वतःच जाहीर करत. खापरखेड्याच्या वीजघरात कोळसा उपसून कंबर पार गेलेली, पण संध्याकाळी भांगेची गोळी पोटात गेली की ती कंबर जणू शेजाऱ्याची. भांग वाटून गोळी वळायचं काम माझं. लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, पाट्यासमोर बसवून माप दाखवलं: बोराएवढी. धाकटा झाला तोवर ती सुपारीएवढी झाली होती. पुढे आत्याबाईंचं रोजचं "थोडी वाढव वं" ऐकत ऐकत लिंबाएवढी. माझी लेकरंसुद्धा इतकी भराभर वाढली नाहीत.

मग मामाजींना हर्निया झाला. ऑपरेशन धंतोलीतल्या एका दवाखान्यात ठरलं. माझे यजमान ड्युटीवर, म्हणून सोबत आम्ही दोघी सासूसुना. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "काही नशापाणी?"

"नाही जी! दारूले हात नाही लावत मी, बिडीले नाही."

आणि ते खरंच बोलत होते. भांग म्हणजे महादेवाचा प्रसाद, प्रसादाला नशा कोण म्हणतं? आत्याबाई छताचा पंखा बघू लागल्या. मी मात्र मनात मापं लावू लागले. लिंबाएवढी गोळी खाऊन जो माणूस गावभर आरामात हिंडतो, त्याला नेहमीच्या मापाची भूल काय करणार? पोट उघडलेलं आणि हे उठून बसलेले, असं चित्र डोळ्यांसमोर आलं.

पण आमच्याकडे सुनेनं सासऱ्यांदेखत तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते सासूशी. म्हणून मी पदर पुढे ओढला आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आत्याबाई, सांगा ना जी डॉक्टरसाहेबाले. रोज भांगेची गोळी असते. एवढी!" आणि पदराखालून मूठ काढून दाखवली.

"तुया सुनेले काही समजते का वं?" मामाजी कडाडले, तेही आत्याबाईंवरच. "ते औषध होय, नशा नाही!"

"औषध आहे तर आधी सांगायचं, काका," डॉक्टर म्हणाले. रोज भांग खाणाऱ्याला भूल जास्त लागते आणि मागाहून दुखतंही जास्त, असा त्यांचा अनुभव. त्यांनी सिस्टरला आणखी औषध काढून ठेवायला लावलं. पुढे ते सगळं लागलं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरचे पारशिवनीचे एक काका, तेच ऑपरेशन, तेच डॉक्टर, बायकोकडे आलूबोंड्यासाठी हट्ट धरून बसले होते. आमचे मामाजी इंजेक्शनं घेऊनही कण्हत होते. मला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं.

आत्याबाई चहा आणायला खाली गेल्या. मध्ये बोलायला कोणी उरलं नाही.

"पोरी, लय दुखून राहिलं वं," मामाजी म्हणाले.

पदर सावरायचं मला सुचलंच नाही. "टाके का, मामाजी?"

"टाके बी. पण कंबर... तिचं दुखणं कवाच थांबलं नव्हतं. गोळीनं आताशा काहीच होत नाही. तुमाले कायले सांगा, म्हणून वाढवत गेलो."

मी स्टूल खाटेजवळ ओढलं, त्यांच्या पाठीशी उशी सरकवली.

"कुठं दुखते, मामाजी?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.