ब्रेक सोडताना खाली कुणीतरी लागतं

आत्या लिफ्टची मेकॅनिक झाली ती युद्धामुळे. त्याआधी ती शिवण शिकवायची. इमारतीची लिफ्ट सांभाळणाऱ्या तिच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, आघाडीवर बोलावलं, तेव्हा त्यांनी घाईघाईत तिला मशीन दाखवलं, चाव्या दिल्या आणि ते गेले. लिफ्ट तिच्या गळ्यात पडली.

रोज संध्याकाळी वीज जायची. लिफ्टमध्ये तिने स्टूल, पाण्याची बाटली आणि एक चिठ्ठी ठेवली होती: ‘पाणी संपवलंत तर भरून ठेवा. भीती वाटली तर गाणं म्हणा, वर ऐकू येतं.’

अडकलेल्यांना सोडवायला दोघं लागतात. एकाने गच्चीवरच्या खोलीत दांडा थोडा थोडा दाबून ब्रेक सोडायचा. दुसऱ्याने मजल्यावर दाराशी उभं राहून ‘थांब’ म्हणायचं आणि चावीने दार उघडायचं. माणसं कमी असली की लिफ्ट खाली पडत नाही, वर पळते, कारण दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन जास्त असतं. वेळेत थांबवली नाही तर छताला धडकते.

हा दुसरा माणूस म्हणजे आत्याचा मुलगा, लंबू. हिवाळ्यापासून त्याने इमारतीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. भरतीवाले रस्त्यातून पोरं उचलत होते.

पूर्वी आमच्याकडे भांडणं व्हायची ती गाड्या लावण्यावरून. आता जिन्यात दोन पक्ष पडले होते: ज्यांचा मुलगा आघाडीवर गेला ते, आणि ज्यांचा घरात आहे ते. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा गेला होता, परतणारही नव्हता. तेव्हापासून आत्या दिसली की त्या दार लावून घ्यायच्या.

त्या संध्याकाळी लिफ्ट पाचव्या मजल्याच्या जरा खाली अडकली. वीज जायच्या वेळेला आमच्यापैकी कुणी लिफ्टमध्ये चढत नाही. म्हणजे माणसं बाहेरची.

“किती जण आहात?” आत्याने दाराच्या फटीतून विचारलं.

“दोघं. भरती कार्यालयातून. सहाव्या मजल्यावर जायचंय.”

सहाव्यावर आत्याचंच घर होतं.

ती वर धावली. “मागच्या जिन्याने निघ,” ती लंबूला म्हणाली. “आत्ताच्या आत्ता.”

मग ती तिसऱ्यावर उतरली. वहिनी दारातच उभ्या होत्या.

“वहिनी, पाचव्यावर दाराशी उभ्या राहता का? चावी देते.”

“मला कुठे जमतंय. लंबूला सांगा ना, त्याला सवय आहे.”

“तो घरात नाही.”

“हो का? माझाही नाही.”

तेवढ्यात सायरन वाजला. वहिनींनी दार ओढलं आणि त्या तळघराकडे निघाल्या. जिन्यात पावलांची गर्दी झाली. लिफ्टमधून कुणीतरी दार बडवत होतं.

अडकू देत त्यांना, असं आत्याच्या मनात आलं. तिने मला नंतर ते सरळ सांगितलं. तासभर अडकले असते तर पोरगा दूर गेला असता. पण बॉम्ब पडला तर लिफ्टमधली माणसं आधी जातात, हे तिला काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

ती गच्चीवर गेली. दोरावरच्या मजल्यांच्या पिवळ्या खुणा कधीच झिजल्या होत्या. कान लिफ्टच्या शाफ्टकडे लावून तिने दांडा किंचित दाबला. दोर सरकला. दांडा सोडला, पुन्हा दाबला. दोर आता जरा जोरात सरकला.

“आई, हळू.”

आवाज पाचव्या मजल्यावरून आला होता.

“तू गेला नाहीस?”

“एकटीने केलं असतंस तर वर आदळवली असतीस. अजून थोडं. हं. थांब.”

तिने दांडा सोडला. खाली चावी फिरली, दार सरकलं.

सगळे तळघरात गेले. एकाच बाकावर आत्या, लंबू आणि ते दोघं. त्यातल्या वयस्क माणसाने हल्ला संपेपर्यंत बॅग उघडली नाही. मग उघडली आणि भरतीचा कागद काढला. सहीला टेकण मिळावं म्हणून लंबूने लिफ्टमधलं स्टूल आणलं.

वहिनी समोरच होत्या. सही होईपर्यंत त्या बघत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा लिफ्ट अडकली. आत्या गच्चीवर जाऊन नुसतीच बसली, हाताशी दांडा. खाली कुणी नव्हतं, लंबूची चावी जिन्यातल्या खिळ्याला तशीच होती. मग चौथ्या मजल्यावरून एक बारीक आवाज आला.

“चावी कुठल्या बाजूला फिरवायची?”

“डावीकडे, वहिनी. आधी लिफ्ट येऊ द्या.”

आता दर वेळी त्याच असतात. इतर वेळी दोघी फारशा बोलत नाहीत. फक्त शाफ्टमधून ऐकू येतं, “अजून थोडं. थांबा.”