पायाळू सून

मी पायाळू. म्हणजे जन्माला येताना माझे पाय आधी बाहेर आले. यात माझी कसलीच कर्तबगारी नाही, आई मात्र मरता मरता वाचली. पण आमच्या भागात पायाळू माणसाला मोठा मान. कुणाच्या पाठीत उसण भरली की त्याने पालथं झोपायचं आणि पायाळूने आपला डावा पाय त्याच्या पाठीवरून फिरवायचा. उसण उतरते म्हणतात. माहेरी पांढुर्ण्याला मी शाळेत जायच्या वयापासून लोकांच्या पाठी तुडवत आले. ऐंशी सालाच्या पुढेमागे लग्न होऊन सौंसरला आले, तेव्हा माझ्या आधी माझ्या पायांची कीर्ती तिथे पोचली होती. सासूबाई गल्लीभर सांगत फिरल्या होत्या, "सून पायाळू भेटली आपल्याले!"

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या ओसरीवर सकाळपासून माणसं यायची. कुणी बोरगावचं, कुणी लोधीखेड्याचं. कापसाचं गाठोडं उचलताना किंवा संत्र्याची टोपली उतरवताना कुणाची ना कुणाची पाठ धरलेली असायचीच. मात्र वडीलधाऱ्यांना पाय लावणं म्हणजे पाप. म्हणून पाय फिरवून झाला की लगेच वाकून त्यांच्याच पाया पडायचं, अशी रीत. पाय फिरवण्यात काय मोठं काम! माझे हाल सुरू झाले ते त्या वाकण्यात.

धाकट्या मुलीच्या वेळी बाळंतपणानंतर अंग दुखायला लागलं ते थांबलंच नाही. आज खांदे, उद्या मांड्या, परवा मान. कधी सगळं एकदमच. सकाळी उठायचं तर रात्रभर दळण दळल्यासारखं अंग आंबलेलं. ओल्या लुगड्याचा पिळा दोरीवर टाकताना डोळ्यांत पाणी यायचं. पोरगी धावत येऊन गळ्यात पडली की मी ओरडायचे, आणि ती बिचारी तोंड एवढंसं करून उभी राहायची. आईच्या गळ्यात पडायची चोरी झालेली ती पोर आठवली की मला आजही रडू येतं.

गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मग छोट्या रुळांवरच्या आगगाडीने नागपूरला नेलं. फोटो काढले, रक्त तपासलं. तिथले डॉक्टर कागद बघून हसले आणि म्हणाले, "बाई, सगळं अगदी नॉर्मल आहे." केवढा आनंद झाला त्यांना! मी मात्र परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले. हाड मोडलं असतं तर निदान दाखवता तरी आलं असतं.

घरी आल्यावर सासूबाईंचं तोंड सुटलं. त्या कामाला वाघीण होत्या, साठीतही दिवसभर वेचणीला उभ्या राहायच्या. "आमी का लेकरं नाई काढले? आमी का कापूस नाई वेचला? दुखणं म्हणजे एका जागी राहते. तुहं गावभर फिरून राहिलं, पाय फुटले का त्याले?" नवऱ्याने कधी वर आवाज केला नाही, पण विश्वासही ठेवला नाही. रात्री बाम चोळून द्यायचा आणि सुस्कारा सोडायचा. त्या सुस्काऱ्याने बाम वाया जायचा.

मग एके दिवशी मोहगावची एक म्हातारी पाठ घेऊन आली. पाय फिरवून झाला, मी तिच्या पाया पडायला वाकले आणि तिथेच अडकले. वर येता येईना. म्हातारीनेच मला हाताला धरून उभं केलं आणि सासूबाईंकडे वळून म्हणाली, "अवं, हे पोरगी साऱ्यायचं दुखणं उतरवते. ते जाते कुठी? इच्याच अंगात भरून राहिलं ना ते!"

सासूबाईंचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. इतकी वर्षं गल्लीभर मिरवलेली सून, आणि आपणच तिला लोकांच्या दुखण्याखाली गाडली, असं त्यांच्या मनाने घेतलं. आज खांदा तर उद्या मांडी का, तेही त्यांना कळलं. ज्याची त्याची उसण वेगळी, तर दुखण्याच्या जागाही वेगळ्याच असणार!

त्या दिवसापासून ओसरी बंद. कुणी आलं की सासूबाई दारात आडव्या. एका बड्या शेतकऱ्याला त्यांनी तोंडावर सुनावलं, "माही सून का धरमशाळा हाये, साऱ्यायच्या उसणी मुक्कामाले ठेवाले?" पाण्याच्या हंड्याला मला हात लावू देईनात. वेणी घालून द्यायच्या, तीही सैल. लग्नकार्यात बायकांच्या रांगेत वाकून पाया पडताना मला उशीर झाला आणि मागच्या कुरकुरल्या, की सासूबाईंचा आवाज यायचा, "थांबा वं, तिले दुखते." दुखणं तसूभर कमी झालं नाही. पण "तिले दुखते" हे दोन शब्द ऐकले की मला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. त्यामागचं कारण साफ खोटं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी मॅट्रिक झालेली बाई. पण खऱ्या कागदांनी मला खोटी ठरवलं आणि या खोट्या समजुतीने खरी. कुणाची बाजू घ्यायची मी?

पुढे दिवाळीनंतर सासूबाईच आजारी पडल्या. कमरेच्या वर पाठ अशी धरली की कूस बदलता येईना. शेकलं, लेप लावले, गोळ्या झाल्या. घरात पायाळू सून, आणि सासू कण्हतेय! नवरा म्हणाला, "आई, एकदा फिरवू दे पाय."

"नाई," त्या म्हणाल्या. "तिच्या अंगात आता जागा उरली नाई."

मी समजावलं, "आत्याबाई, असं कुणाचं दुखणं कुणाच्या अंगात जात नाही. डॉक्टरांना विचारा."

"डाक्टर तर तुले काईच नाई म्हणून राहिला होता. त्याचं काय आयकते?"

माझ्या पायाने त्यांचं दुखणं गेलं असतं असं मी म्हणत नाही. पण त्यांचा त्या पायावर विश्वास होता, आणि विश्वासाने माणसाला घटकाभर झोप लागते. ती झोप त्या माझ्यापायी नाकारत होत्या. दुपारी घरात कुणी नसताना मी त्यांच्या खाटेजवळ गेले आणि म्हणाले, "आत्याबाई, मला काही होत नाही. कधीच होत नव्हतं. कामाचा कंटाळा म्हणून ढोंग केलं मी. आता तरी पालथ्या व्हा."

इतकी वर्षं मला दुखतंय हे लोकांना पटावं म्हणून जीव टाकणारी मी, माझ्याच तोंडाने हे बोलले. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळलं.

"खोटं बोलता येत नाई पोरी तुले," त्या म्हणाल्या. "पाय नको. हात ठेव नुसता."

मी हात ठेवला. त्यांच्या पाठीची हाडं तळव्याला लागत होती. ती उसण नव्हतीच, आत काहीतरी मोठं होतं, हे फार उशिरा कळलं. पुढचा कापूस फुटायच्या आत त्या गेल्या.

माझ्या दुखण्याला नाव मिळालं त्यानंतर कितीतरी वर्षांनी. फायब्रोमायाल्जिया. डॉक्टरीण बाई चांगल्या होत्या. फोटोत दिसत नाही, रक्तात सापडत नाही, पण दुखणं खरं असतं, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. रोज थोडं चाला, झोप सांभाळा म्हणाल्या. पूर्ण जाईल असं काही म्हणाल्या नाहीत. त्यांचं मी ऐकते, जमेल तसं पाळते. त्यांनी विचारलं, "तुमच्यावर विश्वास ठेवणारं घरात कुणी होतं का?" मी होय म्हणाले.

सासूबाई गेल्या त्या दिवशी त्यांना अंगणात ठेवलं होतं तेव्हा घरच्या बायका एकेक करून पाया पडत होत्या. माझी पाळी आली. मी वाकले, कपाळ त्यांच्या पायांना लावलं, आणि उठता येईना. मागून कुणीतरी म्हणालं, "सरक न बाजूले, किती येळ!" मी तशीच वाकून थांबले. थांबा वं, तिले दुखते, असं म्हणणारं आता कुणी नव्हतं.