सोयाबीनच्या दुधाला लूमच्या तेलाचा वास

मंडळी, संध्याकाळ झाली तरी तोंडातला वास जात नाहीये.

आज दुपारी शेजारच्या सुनंदाताईंनी सोयाबीनचं दूध प्यायला बोलावलं. आमच्या लिंबायतमध्ये, या यंत्रमागवाल्यांच्या वस्तीत, सध्या त्याचंच वेड आहे. मी सहज म्हटलं, पाकिटातल्या दुधासारखं हेही प्रोसेस केलेलंच की. त्या चिडल्या. "कारखान्यातलं आहे का हे, वहिनी? भिजवलं, वाटलं, गाळलं, उकळलं. यात कसली प्रोसेस?"

दुसऱ्याच घोटाला ग्लास खाली ठेवला. लूमच्या, म्हणजे मागाच्या, तेलाचा वास. कशातून गाळलं विचारलं, तर त्यांनी दोरीवरचं फडकं दाखवलं. त्यांच्या मिस्टरांनी कारखान्यातून आणलेलं, मागावरून उतरलेलं, न धुतलेलं. त्यावर तेलाचे काळे डाग. "कोरं आहे, पहिल्यांदाच वापरलं," त्या अभिमानाने म्हणाल्या.

तेवढ्यात मिस्टर पाळी संपवून आले. गटागट ग्लास रिकामा केला आणि म्हणाले, "मस्त झालंय." दिवसभर त्याच तेलात असतात, त्यांना काय वास येणार.

भिजवणं, वाटणं, गाळणं म्हणजे प्रोसेसच, घरात केली तरी. पण तो वाद गेला खड्ड्यात. उद्यापासून सुनंदाताई आपल्या तीन वर्षांच्या नातवाला रोज हेच देणार आहेत, त्याच फडक्यातून गाळून. तुम्ही असता तर तोंडावर सांगितलं असतं का? मी अर्धा ग्लास संपवून "छान आहे" म्हणाले.